पहिलें मत

परवां रात्रीं जेवतांना आमच्या कन्येनें एक प्रश्न पानावर वाढला. तिला नुकतीच सोळा वर्षें पुरीं झालीं. ऑस्ट्रियांत २००७ पासून सोळाव्या वर्षीं मत देतां येतें. ब्राझीलमध्यें १९८८ च्या राज्यघटनेनें त्या वयाच्या मुलांना, इच्छा असल्यास, तोच अधिकार दिला आहे. "मग आम्हीच कुणाचं घोडं मारलंय, बाबा?"

जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध तीस वर्षें वर्गांत शिकविणाऱ्या माणसाजवळ अशा प्रसंगीं उत्तर तयारच असतें. मीं घसा खाकरून म्हटलें, "या वयांत स्वतःचें असें मत नसतेंच. बापाचें तेंच मुलाचें. मतांची संख्या वाढेल, विचारांची नव्हे." वाक्य मला स्वतःलाच इतकें आवडलें कीं मीं आमटी पुन्हां वाढून घेतली.

"तुम्हीं पहिलं मत कुणाला दिलंत?"

मी खालीं मान घालून भात कालवूं लागलों.

गोष्ट १९८९ सालची. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें मतदाराचें वय २१ वरून १८ वर आणलें, व २८ मार्चला ती अंमलांत आली. मी एकोणीस वर्षांचा होतों. माकडांच्या हातीं कोलीत दिलें, असें आमच्या वाड्यांतील वडीलधारे म्हणत. (ज्या सरकारनें हें कोलीत दिलें, त्याचेंच बहुमत नोव्हेंबरच्या निवडणुकींत जळालें. त्याचें श्रेय आम्हां पोरांना द्यावें, असें मात्र मला वाटत नाहीं.) आम्हां मित्रांचा निश्चय चहाच्या पेल्यावर केव्हांच झाला होता. मतदानाच्या दिवशीं सकाळीं अण्णांनीं सदऱ्याचीं बटणें लावतां लावतां एका चिन्हाचें फक्त नांव उच्चारलें. पुढें आडोशामागें मी एकटा होतों. हातांत शिक्का होता. पाहणारें कोणी नव्हतें. तरी शिक्का उमटला तो अण्णांच्याच चिन्हावर! संध्याकाळीं मित्रांना मीं भलतेंच सांगितलें. पत्नीलाहि हें आजवर ठाऊक नाहीं.

आतां माझा तो ऐटबाज आक्षेप कोणत्या तोंडानें घेऊं? तो सोळा वर्षांच्या मुलांपुरता असता तर गोष्ट निराळी. तो एकोणिसाव्या वर्षीं मला लागू होता. आणि चाळिशी उलटलेले कितीजण अजून कोणाच्या तरी अण्णांचें चिन्ह शोधीत असतील, कोण जाणे. शिवाय आपल्याच २०१५ च्या कायद्यानें, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानें निर्घृण गुन्हा केल्यास, बाल न्याय मंडळाच्या चौकशीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणें खटला चालवितां येतो. शिक्षेपुरती अक्कल सोळाव्या वर्षीं येऊं शकते. मतापुरती मात्र आणखी दोन वर्षें थांबते!

इतकें असूनहि सोळाव्या वर्षीं मत द्यावें, असें छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाहीं. शाळेच्या वर्गांत प्रचारक शिरतील, ही माझ्यांतल्या मास्तराची भीति खोटी नव्हे. पण बापाची सबब मीं सोडून दिली आहे.

"सांगेन केव्हां तरी," मी पुटपुटलों.

तिनें ताट उचललें. "नका सांगूं. मी मत देईन, तेव्हां मीही तुम्हांला सांगणार नाहीं हं."