पोटातल्या बाळाला रक्त

१२ फेब्रुवारी, दहिवडी
लेकीच्या कूम्ब्स टेस्टचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा, आकडा वाढलाय. तिचा गट ए निगेटिव्ह, जावयांचा पॉझिटिव्ह. मागच्या खेपेला चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हा घरातच निस्तरलं. अँटी-डीचं इंजेक्शन राहिलं. त्या वेळी बाळाचं रक्त तिच्या रक्तात मिसळलं आणि तिच्या शरीरानं ते परकं ठरवून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. आता तीच प्रतिपिंडं या बाळाच्या तांबड्या पेशी फोडताहेत.

१४ फेब्रुवारी, पुणे
डॉक्टरांनी डॉपलर केलं. बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग मोजतात. रक्त पातळ झालं की ते जोरात धावतं. वेग नेहमीच्या दीडपटीवर गेला की काळजी. आमचा त्याच्याही वर. अठ्ठाविसावा आठवडा.

रक्त ओ निगेटिव्ह हवं, ताजं, लेकीच्या रक्ताशी जुळवलेलं, घट्ट केलेलं, किरण दिलेलं. आपल्याकडे शंभरात पाचेक निगेटिव्ह, त्यात ओ आणखी थोडे. गावच्या ग्रुपवर टाकलं. हडपसरला कामाला असलेल्या आमच्या वाडीच्या पोराचा लगेच फोन : “काकू, माझं ओ निगेटिव्ह हाय. कुठं यिऊ?”

१६ फेब्रुवारी
भरलं! लेकीच्या उशाशी मला उभं राहू दिलं. पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी पोटातून खाली उतरली आणि नाळ वारेला जोडलेली असते तिथं शिरेत शिरली. आधी बाळाचं थेंबभर रक्त तपासलं : हिमोग्लोबिन ५. बाळ हलू नये म्हणून त्यालाही औषध. मग सिरिंजमागून सिरिंज. आत जाणारं रक्त शिरेत चमचमत धावताना दिसायचं. सगळं मिळून ५० मिली. शेवटी १३.

१९६३ साली ऑकलंडला डॉ. लायलींनी हे पहिल्यांदा केलं, तेव्हा सोनोग्राफी नव्हती, एक्स-रेच्या आधारानं बाळाच्या पोटात रक्त सोडलं. त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं.

१८ फेब्रुवारी
बाळ लाथा मारतंय. पण भरलेलं पुरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत. त्या पोराला तीन महिने रक्त देता येणार नाही. नवा दाता शोधतेय.

२१ फेब्रुवारी
धाकट्या जावेचा फोन. तिच्या सुनेचं काल चौथ्या महिन्यात गेलं. गट विचारला, तर ठाऊक नाही. फाइल काढायला लावली : बी निगेटिव्ह.
“आजच ने तिला. ७२ तासांच्या आत इंजेक्शन मिळायला पाहिजे.”
“पर आक्का, दिस तरी कुठं भरलं व्हतं?”
“नसूदे भरलं. गाडी काढायला सांग.”
इंजेक्शन फ्रिजमधलं, सगळ्या मेडिकलात नसतं. दोन ठिकाणी मीच फोन लावले. साताऱ्यात आहे म्हणाले. बाजूला काढून ठेवायला सांगितलं.