चिकूच्या कलमाला लागलेली पिवळी फळं



चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ह्यांनी रोपवाटिकेतून चिकूचं कलम आणून परसात लावलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात ते वरून वाळलं. आपल्या यवतमाळच्या मे महिन्यात माणूस वाळतो, तिथे रोपाचं काय! पण पावसाळ्यात खालून पालवी फुटली आणि आम्ही खूष झालो. झाड वाढलं. चिकू मात्र कधी आला नाही.

यंदा मे महिन्यात त्याला फळं लागली, निंबोळीएवढी आणि पिवळीधमक. सुट्टीला आलेल्या सात वर्षांच्या भाच्याने कुणाला न विचारता पाच-सहा खाल्ली आणि ओठ चिकटले म्हणून रडत आत आला. माझ्या पोटात गोळा आला. विषारी असलं तर? सासूबाईंची काळजी आणखी वेगळी होती. "नाव माहीत नाही ते फळ खायचं नसतं, हे पोराला शिकवलं नाही का कुणी?" देठाला दूध दिसलं आणि त्या जास्तच घाबरल्या. वड, पिंपळ, पाकर, उंबर, कठूमर ही पाचही दुधाची झाडं. त्यांच्यातलंच हे एक असलं तर?

मी फळ मधोमध फोडलं. उंबर फोडलं की आत बारीक दाणे आणि चिलटांसारखे जीव दिसतात. इथे गर होता आणि एकच चकचकीत तपकिरी बी. चिकूच्या बीची धाकटी बहीणच जणू! तेव्हा आठवलं, दूध तर चिकूलाही येतं.

नाव सांगितलं शेजारच्या गुजराती बेनने. "अगं, ही तर रायण!" पालिताण्याला शत्रुंजयावर आदिनाथांच्या चरणपादुका रायणीच्याच झाडाखाली आहेत, असं सांगून तिने झाडाला हातच जोडले. आपल्याकडे हिलाच खिरणी म्हणतात.

पण चिकूच्या कलमाला खिरणी लागलीच कशी? कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका येऊन पाहून गेले. पानाच्या टोकाची खाच त्यांनी दाखवली, मग खाली बसून खोडाशी बोट लावलं. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात, कारण खिरणीचं मूळ चिवट. वरचा चिकू मेला, खालची खिरणी जगली. म्हणजे इतकी वर्षं आम्ही चिकू समजून खिरणीलाच पाणी घालत होतो! (कलमाच्या गाठीखालून फुटलेले धुमारे वेळीच काढून टाकायचे असतात म्हणे. तुमच्याकडे कलमं असतील तर बघून घ्या.)

भाच्याला काही झालं नाही. पिकलेली फळं थोडा वेळ पाण्यात ठेवली की चीक कमी लागतो, हेही बेननेच सांगितलं.

सासूबाईंनी मात्र एकही खाल्लं नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मोजकी फळं मोकळी ठेवून बाकीच्यांचा त्याग केला, त्या यादीत खिरणी नाही. "तेव्हा आठवलीच नाही गं," म्हणाल्या. "लहानपणी माहेरी खाल्ली असेल." रोज सकाळी ताटलीत फळं घेऊन बसतात, एकेक फोडतात, उजेडात धरून बघतात आणि भाच्याच्या हातावर ठेवतात.