हरवलेले दहा दिवस

आमच्या फडताळांत जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. मास्तरकी करीत असतांना जगांतील चमत्कारिक गोष्टी आम्ही तींत टिपून ठेवीत असूं आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेंत मुलांस त्या सांगत असूं. मुलें शनिवारची वाट पाहत. खरें सांगावयाचें तर आम्हीही पाहत असूं. त्या वहींतील आमची सर्वांत लाडकी नोंद अशी : गॅलिलिओचा मृत्यु ८ जानेवारी १६४२, न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२. ज्या वर्षीं एक दिवा मालवला त्याच वर्षीं दुसरा लागला, असें म्हणून आम्ही क्षणभर थांबत असूं. वर्ग स्तब्ध होई. संस्कृत पढलेल्या माणसास पुनर्जन्माची एवढी ओझरती सूचना टाकवत नसे.

एके वर्षीं सामान्य ज्ञानाच्या चढाओढींत आम्हीं न्यूटनची जन्मतारीख विचारली. एका मुलानें '४ जानेवारी १६४३' असें उत्तर लिहिलें. आम्हीं तांबड्या शाईची फुली मारली. मुलगा कागद घेऊन आला व हळूच म्हणाला, "गुरुजी, बाबांच्या पुस्तकांत हीच तारीख आहे." आम्हीं म्हटलें, "मग बाबांना सांग, पुस्तक बदला." वर्ग हंसला. एका गुणानें त्याचा पहिला नंबर गेला, आणि आम्ही तो प्रसंग विसरूनही गेलों.

यंदा दिवाळीच्या सुटींत नातीनें विचारलें, "आजोबा, १५८२ सालच्या ऑक्टोबरची १० तारीख कोणत्या वारीं होती?" आम्ही पाटी घेऊन गणितास बसलों. अर्ध्या घटकेनें ती टाळ्या पिटून म्हणाली, "ती तारीख इटलींत उगवलीच नाहीं!" मौज करण्यास म्हणून तिनें सांगितलेल्या या गोष्टीनें आमची झोंप मात्र उडविली.

प्रकार असा. ज्यूलियस सीझरनें ठरविलेलें वर्ष ३६५ दिवस व ६ तासांचें. ऋतूंचें खरें वर्ष त्याहून सुमारें ११ मिनिटांनीं लहान. ११ मिनिटें म्हणजे काय मोठेंसें, असें कोणासही वाटेल. परंतु १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चवर सरकला आणि त्यावर बसविलेला ईस्टरचा सण ढळूं लागला. तेव्हां पोप तेरावा ग्रेगरी यानें दहा दिवस गाळले : गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशीं शुक्रवार, १५ ऑक्टोबर. वाराचा क्रम मात्र मोडला नाहीं. स्पेनमधील संत तेरेसा हिचें देहावसान नेमकें त्याच रात्रीं झालें; तिची पुण्यतिथि १५ ऑक्टोबरला पाळतात. आपल्या घरांत क्षयतिथीचें कोणास नवल नाहीं, पण ती चंद्राच्या गतीनें पडते. येथें मनुष्याच्या हुकुमानें दिवस पडले.

पोपचा हुकूम पोपच्या अनुयायांनीं मानिला. इंग्लंडनें १७० वर्षें मानिला नाहीं. १७५२ सालीं मानिला तेव्हां अकरा दिवस गाळावे लागले. बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. रशियानें तर १९१८ सालीं ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी घातली. म्हणून तेथील 'ऑक्टोबर क्रांति' आपल्या नोव्हेंबरांत येते. स्वीडनची कथा त्याहून मासलेवाईक. एकदम दिवस गाळण्याऐवजीं चाळीस वर्षें लीप दिवसच घेऊं नयेत, असें तेथें ठरलें. १७०० सालचा तो दिवस गाळला. १७०४ व १७०८ सालीं गाळावयाचें राहूनच गेलें. त्यामुळें स्वीडनचें पंचांग ना सीझरचें ना पोपचें, असें अधांतरीं लोंबूं लागलें. अखेर जुन्या गणनेवर परत जाण्याकरितां १७१२ सालीं फेब्रुवारीस ३० वी तारीख द्यावी लागली.

आतां आमच्या नोंदीकडे वळूं. गॅलिलिओची तारीख इटलीच्या नव्या गणनेची, न्यूटनची इंग्लंडच्या जुन्या गणनेची. दोन्ही आपापल्या घरीं बरोबर. परंतु दोन्हींस नवें माप लावा : मृत्यु १६४२ सालीं, जन्म ४ जानेवारी १६४३ ला. दोन्हींस जुनें माप लावा : मृत्यु २९ डिसेंबर १६४१ ला, जन्म १६४२ सालीं. कसेंही पाहिलें तरी अंतर ३६१ दिवसांचें आणि वर्षें दोन. शालिवाहन शकानें मोजलें असतें तरी एक १५६३ व दुसरें १५६४ निघालें असतें. घरांत पंचांग असतां आम्हांस एवढें सुचलें नाहीं. आमचें तें नवल दोन निरनिराळ्या मापांच्या सरमिसळींतून उपजलें होतें!

मग वहीच चाळावयास घेतली. 'राज्याभिषेक, ६ जून १६७४' ही नोंद आली. ही तारीख इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याच्या दप्तराची, अर्थात् जुनी. तिथि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. अमावास्या मोजीत आम्ही मागें मागें गेलों. नव्या गणनेनें ६ जून धरल्यास चंद्र द्वितीया-तृतीयेच्या आसपास येतो. १६ जून धरल्यास त्रयोदशी जुळते. तिथीला कोणत्याही पोपचा हुकूम लागू नाहीं, हें पाहून आम्हांस अंमळ अभिमान वाटला. परंतु तो फार वेळ टिकला नाहीं, कारण वहींतून त्या मुलाचा चेहरा वर येत होता.

२५ डिसेंबर हें उत्तर चूक नव्हतें, तसें त्याचेंही नव्हतें. दोन बरोबर उत्तरांत एवढा फरक कां, हा प्रश्न त्या वर्गांत एकट्या त्यालाच पडला होता, आणि आम्हीं त्याला हंशांत बुडविलें. पुस्तक आणून दाखीव, इतकें म्हणावयास काय वेंचलें असतें?

त्याच्या चुलत्यांकडून पत्ता मिळविला. तो आतां चाळिशीपुढचा गृहस्थ असेल. पत्रांत वरील सारा हिशेब मांडला, एक गुण वाढवून दिला व क्षमा मागितली. पत्र टाकून आज सतरा दिवस झाले. उत्तर अद्याप नाहीं.