‘प्रत्येक’ माणसात कोण कोण?

इंग्रजीतले ‘एव्हरीवन’ वरवर साधे दिसते, पण मराठी मनात त्या जागी ‘सगळे’ उभे असतात, आणि मग ‘एव्हरीवन आर रेडी’ असे तोंडून निघून जाते. इंग्रजी या शब्दात घोळक्याकडे पाहत नाही. रांगेतल्या एकेका चेहऱ्यापुढे थांबत पुढे जाते. म्हणून क्रियापद एकवचनी: ‘एव्हरीवन इज रेडी’. ‘ईच’, ‘समबडी’, ‘नोबडी’ यांचेही तसेच. इथवर तंटा नाही. तो पुढच्या शब्दाशी सुरू होतो. प्रत्येकाने आपले पुस्तक आणले, हे सांगताना ‘हिज बुक’ म्हणावे की ‘देअर बुक’? मराठीतले ‘आपले’ मालक बाई की पुरुष हे विचारतच नाही (‘प्रत्येकाने’ हे रूप मात्र पुल्लिंगी, हे मान्य). इंग्रजीपाशी असा शब्द नाही. जुनी शालेय व्याकरणे ‘हिज’च्या बाजूने कौल देतात. माझ्या मते ‘देअर’च बरोबर आहे.

‘हिज’मध्ये स्त्रिया आल्याच, असे त्या व्याकरणांचे म्हणणे. ब्रिटिश पार्लमेंटने तर १८५० साली तसा कायदाच केला: वेगळे स्पष्ट म्हटले नसेल, तर कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. पुढे १८६७च्या सुधारणा कायद्याने अटी पुऱ्या करणाऱ्या ‘एव्हरी मॅन’ला मताधिकार दिला. मँचेस्टरच्या हजारो स्त्रियांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून मतदार यादीत नाव घालण्याची मागणी केली. १८६८ साली ‘चॉर्ल्टन विरुद्ध लिंग्ज’ खटल्यात न्यायालयाने ती फेटाळली. इथल्या ‘मॅन’मध्ये स्त्री येत नाही, असा निवाडा झाला. कर भरताना पुल्लिंगी शब्दात सामावणारी बाई मत देताना त्यातून वगळली गेली. सर्वांना कवेत घेणारे पुल्लिंग किती भरवशाचे, हे याहून स्पष्ट कशाने दिसणार?

यावर कोणी म्हणेल, क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम बहुवचनी, ही विसंगती नाही का? पण ‘यू’ एका माणसासाठी वापरले तरी पुढे ‘आर’च येते, आणि आपल्याकडे एकटे आजोबा आले तरी ‘आले’च म्हणतो. व्याकरणातले वचन म्हणजे डोकी मोजणे नव्हे. ‘देअर’ हे आजकालचे फॅड आहे, हा आक्षेपही टिकत नाही. एकवचनी अर्थाचे हे सर्वनाम चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आढळते, जेन ऑस्टिनने ते मोकळेपणाने वापरले आहे. उलट त्याला चूक ठरवणारा नियमच अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी रुजवला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीच्या पुस्तकानेही २०१९च्या सातव्या आवृत्तीत ते मान्य केले. तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर बुक’ या वाक्यात ‘हॅज’ आहे की नाही, हे जरूर तपासा, ‘देअर’खाली लाल रेघ ओढू नका.