बाबांच्या आठवणीतले रंग

आज किल्ला नाही, ताम्रपटही नाही. आजचा धागा दूरदर्शनवरच्या जेमतेम सात-आठ मिनिटांच्या एका ॲनिमेशनपटाचा आहे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा.

‘एक अनेक और एकता’ हा पट फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये निर्माण केला. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. ताई धाकट्या भावाला ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला भेद समजावते. शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात, उंदीर ते कुरतडतात. पंचतंत्रातला कबुतरांचा राजा चित्रग्रीव आठवावा. कथेचे मूळ तिथले. दूरदर्शनने हा पट इतक्या वेळा दाखवला की दोन पिढ्यांना तो पाठ झाला.

मौखिक इतिहासाच्या स्वाध्यायासाठी मी बाबांची मुलाखत घेतली. बालपणीचा दूरचित्रवाणी संच, एवढाच विषय. ते रंगून सांगू लागले: १९८५ च्या सुमारास, गावातल्या एकुलत्या एका संचावर, त्यांनी हाच पट पाहिला. पक्ष्यांचे रंग त्यांना लख्ख आठवत होते.

मी तिथेच थांबवले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी आले. पण रंगीत संच महाग, खेड्यांत पुढेही कित्येक वर्षे कृष्णधवलच होते. त्यांच्या गावचा तो संचही कृष्णधवलच होता, हे आजीने मला सांगितलेले. मी सनावळी म्हणून दाखवली. (नव्या विद्यार्थ्याच्या हाती सनावळी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.)

बाबा क्षणभर गप्प झाले. “मग मी पाहिलं ते काय होतं गं?” एवढेच म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. ध्वनिमुद्रण तिथेच संपते.

पुढच्या सत्रात आलेस्सांद्रो पोर्तेल्ली वाचला. इटलीतल्या तेर्नी गावी लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावकऱ्यांच्या स्मृतीत तो मृत्यू सरकून १९५३ च्या कामगारकपातीच्या लढ्याशी जोडला गेला. पोर्तेल्लीने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. ती का झाली, हे विचारले.

मूळ पट रंगीतच होता. बाबांनी तो पुढे आमच्या घरच्या संचावर, कदाचित मला मांडीवर घेऊन, पुन्हा पाहिला असेल आणि ते रंग मागे जाऊन पहिल्या आठवणीत मिसळले असतील. हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटले होते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा यंत्र पुन्हा सुरू केले. या वेळी रंगांचा विषय काढला नाही. विचारले, “तुम्ही कुठे बसला होतात?”

“अंगणात,” बाबा म्हणाले. “ओसरीवर पाटलांची आणि त्यांच्या भावकीची मुलं. आमच्या वस्तीतली आम्ही सगळी खाली, अंगणात. उन्हाची तिरीप काचेवर आली की काही दिसायचं नाही. नुसतं गाणं ऐकू यायचं.”

त्या दिवशी मुलाखत दीड तास चालली.