पेला पडला

धर्मप्रसाराला निघालेल्या माणसांविषयी आपल्या मनात एक अढी असते. माझ्याही आहे. पण २०१८ साली सहा महिने मी मुलीकडे सान होसेला राहिले, तेव्हा शेजारी जे अमेरिकन जोडपे होते ते मला आवडले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

सान होसे ही कोस्टारिकाची राजधानी. तिथे परदेशी मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारी शाळा आहे. पुढे दक्षिण अमेरिकेत कुठेही जायचे असले, तरी कित्येक जण आधी इथे येऊन भाषा घोटतात. ही दोघे वर्षभराने बोलिव्हियाच्या डोंगरात जाणार होती. तो बायबल शिकवणार होता, ती नर्स. पावसाळ्यात तिथे दुपारनंतर आभाळ फुटल्यासारखे कोसळते. शाळेतून भिजून आलेली ती दोघे, घरमालकीण आजीबाई आणि मी, अशी आमची बैठक ओसरीवर जमे. मी ३० वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकवलेले. शेजारी कुणी क्रियापद चालवू लागले की मला गप्प बसवत नाही.

त्याचे घोडे प्रथम 'आवडणे'पाशी अडले. इंग्रजीत ज्याला आवडते तो कर्ता. स्पॅनिशमध्ये कॉफी कर्ता, नि माणूस बिचारा चतुर्थीत. 'मे गुस्ता एल काफे.'

"हे उलटं आहे," तो वैतागून म्हणाला.

"उलटं कसलं? मला कॉफी आवडते. अगदी सरळ आहे."

पुढे आले 'उस्तेद'. हे आदरार्थी सर्वनाम. कोस्टारिकात आई लेकराला उस्तेद म्हणते, नवरा बायकोला म्हणतो. आजीबाई तर कुत्र्यालासुद्धा 'आपण बाहेर व्हा बरं' अशा थाटात हुसकत. आणि प्रार्थनेत देवाला मात्र 'तू'. उच्चारही हुबेहूब आपलाच, 'तू'. ज्याच्या भाषेत सगळ्यांना मिळून एकच 'यू', त्याला हे पचेना. "कुत्र्याला आपण आणि देवाला तू?" मी सांगितले, आमच्याकडे वडिलांना अहोजाहो, आईला अगं, आणि पंढरीच्या विठोबाला सरळ अरेतुरे. जवळच्याला मान कशाला लागतो? त्याने ते वहीत उतरवून घेतले. त्याची वही फार नीटनेटकी असे.

मीही त्याला सोडत नसे. बोलिव्हियात गेली चारशे वर्षे ख्रिस्ती लोकच राहतात, मग तुम्ही तिथे कशाला, असे एकदा विचारले. त्याने पंथापंथांतला फरक समजावून सांगितला. तो मला पटला नाही, आणि तसे मी त्याला म्हटलेही. तो रागावला नाही. भाषा यायला किती दिवस लागतील, हे तो मला पुन्हा पुन्हा विचारी. मी त्याला फादर स्टीफन्सची गोष्ट सांगितली. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण छापले गेले १६१६ साली. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली.

"सदतीस वर्षं! आमचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे."

एका संध्याकाळी त्याच्या बायकोच्या हातून आजीबाईंचा काचेचा पेला फुटला. सहांच्या संचातला तो शेवटचा. घाबरून तिने शिकलेले शब्द जुळवले, 'मी पेला पाडला' अशा अर्थाचे. आजीबाई म्हणाल्या, "से ले कायो."

शब्दशः पाहिले तर वाक्यात कर्ता पेला, पडला तोच. बाईच्या वाट्याला नुसते एक 'ले', म्हणजे पुन्हा आपली चतुर्थी. तुमच्या हातून पडला, झाले! पण नवरा गंभीर झाला. "मग चूक कुणाची? या भाषेत माणूस पापाची कबुली देणार कशी?" तो थट्टा करत नव्हता. 'हे मी केले' असे म्हणण्यावर त्याचा सारा धर्म उभा होता.

ती काचा वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आठ वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली. कडेवरून पोर पडलं की आई रडत येते, 'मी पाडलं त्याला' म्हणत. तिला काय म्हणावं ते मला कधी सुचलं नाही. आता हे वाक्य आहे."

तो काही बोलला नाही. आमचे इंग्रजी आजीबाईंना कळत नव्हते. त्यांनी तेवढ्यात केरसुणी आणली.

परतायला महिना उरला असताना कोचाबांबाहून त्यांना पत्र आले. ज्या गावांत जायचे तिथल्या म्हाताऱ्या बायकांना स्पॅनिश येत नाही, त्या केचुआ बोलतात. स्पॅनिश त्या डोंगरात सोळाव्या शतकात शिपायांबरोबर आणि पाद्र्यांबरोबर गेलेली. म्हणजे वर्षभर घाम गाळून ही दोघे शिकली ती त्या गावाचीही परकीच भाषा. तो दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिने मात्र कुठून तरी केचुआचे व्याकरण मिळवले नि ते घेऊन माझ्याकडे आली. त्यात इंग्रजीतल्या एका 'वुई'ला दोन शब्द होते. ऐकणाऱ्याला धरून एक, वगळून दुसरा.

मला हसूच आले. "अगं, हे तर आपण आणि आम्ही! 'आम्ही जेवायला बसतो' म्हटलं की पाहुण्यानं चपला शोधाव्या. 'आपण बसू' म्हटलं की त्याचंही पान मांडलं."

ती विचारात पडली. "पहिल्या दिवशी गावात मी कोणता शब्द वापरायचा?"

"आपण!" आतून नवऱ्याचा आवाज आला. "देवापुढे सगळे एकच."

"ते आपल्याला ठरवता येणार नाही," ती म्हणाली. "त्यांना म्हणू दे आधी."

मी परत आले, ती दोघे बोलिव्हियात गेली. वर्षभराने मुलीच्या फोनवर तिचा निरोप आला. नवरा गावातल्या पोरांकडून केचुआ शिकतो आहे, पोरे त्याला हसतात. लोक तिच्याशी बोलताना अजून 'आम्ही'च म्हणतात. फक्त परवा एका म्हातारीने उकडलेले बटाटे पुढ्यात ओतले आणि म्हणाली, चल, आपण सोलू.