अंडरकट आणि शेवंड

आपल्या मोहल्ल्यात 'डेट' या शब्दाचे फार तर दोन अर्थ. एक, कोर्टाची किंवा बोर्डाच्या परीक्षेची तारीख आणि दुसरा, रमजानमध्ये इफ्तारीला लागणारा खजूर. नवरा-बायकोने दोघांनीच बाहेर जेवायला जायचं, हा तिसरा अर्थ आपल्याकडे अजून रुळलेला नाही. दावत आपल्याला चांगली ठाऊक आहे. वलीमा, अकीका, ईद-मिलन. सगळीकडे माणसांची गर्दी आणि बायकांची बसायची जागा वेगळी. नवरा जेवला की नाही, हे बायकोला घरी परतल्यावर कळतं. दस्तरखान मोठा असावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो कधी दोघांपुरताही असावा, असं मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही.

मी कुर्ल्याला उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. माहेर रत्नागिरीच्या राजिवड्याचं, सासर परभणीचं. दोन खोल्यांत सासूबाई, दोन मुलं आणि आम्ही. आम्हा दोघांचं बोलणं म्हणजे मुलांची फी, गॅसचा नंबर आणि सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या. गेल्या वर्षी लग्नाला दहा वर्षं झाली, तेव्हाच माझी भिशी उठली. मी ह्यांना म्हटलं, "या वेळी साडी नको, कानातलं नको. एकदा समोरासमोर बसून जेवू." सासूबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या दखनीत एवढंच विचारलं, "घर में क्या पकता नैं?" प्रश्न खोटा नव्हता. घरात रोजच शिजत होतं. दोघांनी बसायला जागा तेवढी नव्हती.

मुंबईत माशांसाठी प्रसिद्ध हॉटेलं कमी नाहीत. फोर्टातलं महेश लंच होम आहे, काळा घोड्याजवळचं तृष्णा तर तिथल्या बटर-गार्लिक खेकड्यासाठी दूरवर ठाऊक आहे. आम्ही गेलो ते मात्र वेगळ्या तऱ्हेचं. दक्षिण मुंबईतलं, विलायती धाटणीचं, मासे आणि स्टेक या दोनच गोष्टींसाठी नावाजलेलं. मंद उजेड, टेबलावर मेणबत्ती, पांढरं कापड आणि दोघा-दोघांची टेबलं. शेजारी दारूचे पेले होते, म्हणून ह्यांनी कोपऱ्यातलं टेबल मागितलं. माझ्या हिजाबकडे एक-दोन नजरा वळल्या आणि पुन्हा आपापल्या ताटलीत गेल्या.

मेन्यूकार्ड इंग्रजीत. पहिलं पान समुद्राचं. लॉबस्टर, क्रॅब, प्रॉन्स. इथेच आमच्या घरातले दोन मजहब समोरासमोर आले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. हे हनफी. त्यांना मासळी चालते, पण खेकडा आणि शेवंड नाही, आणि कोळंबीवर तर उलेमांमध्येच मतभेद. दहा वर्षांत आमच्या घरी कुर्ल्या शिजलेल्या नाहीत. सासूबाईंनी मनाई कधी केली नाही, पण त्यांच्या भांड्यांत त्या रांधायला माझाच हात धजला नाही. त्या रात्री हे म्हणाले, "तू मागव ना लॉबस्टर. तुझ्या मजहबात जायज आहे, मग माझ्या तोंडाकडे का बघतेस?"

लॉबस्टर म्हणजे आमची शेवंड. राजिवड्यात आणि मिरकरवाड्यात ती जाळ्यात सापडली की मोठं माणूस आनंदायचं आणि आम्ही मुलं हिरमुसायचो, कारण ती घरी येणार नाही हे ठरलेलं. ती व्यापाऱ्याकडे जायची आणि आमच्या कालवणात बांगडे, तारल्या पडायच्या. माशांच्या गावात वाढून शेवंडीची चव मला पस्तिसाव्या वर्षी मेणबत्तीच्या उजेडात कळली. इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट आठवली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉबस्टरची तिथली जात एके काळी इतकी मुबलक होती की ती गरिबांचं अन्न समजली जायची. पुढे रेल्वे आली, शहरातल्या श्रीमंतांपर्यंत ती पोचली आणि तिचा दर्जा वाढला. शेवंड होती तशीच राहिली, खाणारे बदलले.

दुसरं पान स्टेकचं. 'टेंडरलॉइन' वाचून ह्यांनी वेटरला विचारलं, "गोश्त हलाल आहे का? आणि कोणत्या जनावराचं?" वेटर आत जाऊन आला. म्हणाला, "बफेलो आहे सर, हलाल. सॉसमध्ये वाइन असते, ती नको असेल तर नुसत्या बटरवर करून देतील." मग त्याने विचारलं, "मीडियम रेअर?" आतून लाल राहिलेलं मांस पाहून आपल्यातले अनेक जण हात आखडता घेतात, त्यांना ते रक्त वाटतं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई सांगतात, जबह करताना रक्त बहुतेक वाहून जातं. कापल्यावर दिसणारा लाल रस मायोग्लोबिनचा असतो, स्नायूतच असणाऱ्या प्रथिनाचा. शरियतची मनाई आहे ती वाहत्या रक्ताला. तरीही ह्यांनी पूर्ण शिजवलेलंच मागवलं. जिभेची सवय मसल्यापेक्षा जुनी असते.

ताटली आली. पहिला घास घेऊन हे हसायलाच लागले. "अगं, हा तर अंडरकट!"

अंडरकट आपल्या प्रत्येक कसायाला ठाऊक. पाठीच्या कण्याखालची, सगळ्यात नरम पट्टी. सासूबाई बकरीदला तिचेच पसंदे करतात. पातळ कापून, ठोकून, कच्ची पपई लावून, खसखस-खोबऱ्याच्या वाटणात. ताटलीत होतं ते म्हशीचं, म्हणजे आपण दबक्या आवाजात ज्याला 'मोठ्याचं' म्हणतो तेच. राज्यात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा मात्र या बंदीच्या बाहेर राहिले. बाहेरच्या राज्यातून आणलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता, ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केलं. पण कायद्याची अक्षरं वाचून भीती जात नाही. आपल्या गल्लीतला माणूस कायदेशीर मोठ्याचं आणतानाही काळी पिशवी मागतो. तेच इथे अठराशे रुपयांना, चांदीसारख्या सुरी-काट्यासह, अदबीने समोर ठेवलेलं.

जेवता जेवता हे अचानक म्हणाले, "लॅबने माझा करार पुढच्या महिन्यापासून वाढवलेला नाही." मी काटा खाली ठेवला. "कधी कळलं?" "पंधरा दिवस झाले. घरी सांगणार कुठे? अम्मी समोर, मुलं समोर. तू रात्री पेपर तपासत झोपून जातेस." पंधरा दिवस हा माणूस रोज डबा घेऊन जात होता आणि छातीवर दगड घेऊन परत येत होता. मी त्यांचा हात धरला. शेजारच्या टेबलावरही हात धरलेलेच होते, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. त्या रात्री आम्ही दोन तास बोललो. माझा पगार, कुठे अर्ज करायचा, अम्मींना कधी आणि कसं सांगायचं. बिल साडेसहा हजार झालं. ह्यांचा चेहरा उतरला. मला त्या पैशांचं वाईट वाटलं नाही. पुढचे चार महिने घर माझ्या पगारावर चाललं. ते चालू शकलं, कारण आम्ही दोघं एकाच हिशेबावर होतो.

त्यानंतर काही दिवसांनी सातवीला मी 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध दिला. एका मुलीने पनीर टिक्का लिहिला. तिचे अब्बा गोश्तच्या धंद्यात आहेत, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "खरंच पनीर आवडतं?" ती हळूच म्हणाली, "टीचर, आवडतात पसंदे. पण ते मराठीत लिहायचे कसे? कुणी वाचलं तर?" मी फळ्यावर 'पसंदे' हा शब्द लिहिला आणि कृतीही लिहून दिली. तिने दुसरा निबंध लिहिला. वर्गातला तो सगळ्यात चांगला निबंध होता, कारण त्यातलं वाटण तिने स्वतः वाटलेलं होतं.

माझ्या वाचक बहिणींनो, भावांनो, महागड्या हॉटेलात जा, असं मी म्हणत नाही. तिथलं बिल आपल्यातल्या बहुतेकांना परवडणारं नाही आणि तिथलं उत्तम ते आपल्याच कसायाकडून, आपल्याच बंदरावरून गेलेलं असतं. पण दोघांना समोरासमोर बसायला आठवड्यातून एक तास लागतो, ही चैन नाही. आता आम्ही जुम्याच्या रात्री इशानंतर गच्चीवर चहा घेऊन बसतो. मुलांना सांभाळतात सासूबाई. पहिल्या दोन जुम्यांना त्या कुरकुरल्या. तिसऱ्या जुम्याला थर्मास त्यांनीच भरून दिला.